सहलेखक गाठ

शालन पाचपुते यांच्या यकृतातल्या गाठीने सोमवारच्या तपासणीत मागणी केली, की शोधनिबंधावर सहलेखक म्हणून आपलं नाव आलं पाहिजे.

शालनबाई तेव्हा टेबलावर आडव्या होत्या. शिवणाचे क्लास चालवणाऱ्या या बाई नव्या औषधाच्या चाचणीत आल्या होत्या, कारण जुनी औषधं करून झाली होती आणि त्यांना अजून जगायचं होतं. गाठ बोलली याचं त्यांना फारसं नवल वाटलं नाही. घरी ती रोजच कुरकुर करायची. मोठ्या डॉक्टरांसमोर तोंड उघडेल, असं मात्र वाटलं नव्हतं.

"औषध घेतलं बाईंनी, आकसले मी," गाठ म्हणाली. "आणि निबंध आहे तो आकसण्यावर."

विभागप्रमुख डॉ. खेर्डेकरांनी चष्मा पुसला. "लेखक व्हायचं तर कामात वाटा लागतो."

"आपला कोणता होता, सर?" गाठीने विचारलं.

विभागातून निघणाऱ्या प्रत्येक निबंधावर खेर्डेकर सरांचं नाव पहिलं असे आणि ते का, हे विचारायची तिथे पद्धत नव्हती. निबंध लिहिणाऱ्या डॉ. रुही मुलाणी खिडकीबाहेर पाहू लागल्या.

"नाव नसेल, तर मी आकसणं थांबवते," गाठ शांतपणे म्हणाली.

शालनबाईंच्या पोटात आणखी एक गोळा आला. "अहो डॉक्टर, देऊन टाका की! तुमचं काय जातंय?"

सरांनी दिलं. दुसरं नाव गाठीचं. मुलाणी तिसऱ्या जागी सरकल्या. त्यांना सरकायची सवय होती. गाठ खूश झाली आणि भराभर आकसू लागली. लिंबाएवढी होती, ती बोराएवढी झाली. आणि तिथेच थांबली.

"आता काय गं झालं?" शालनबाईंनी विचारलं.

"छापून येऊ दे. बघितल्याशिवाय मी जाणार नाही."

शालनबाई रडल्या. तुझ्या नावापायी माझा जीव टांगणीला लागलाय, असं त्यांनी तिला चांगलं सुनावलं. गाठीलाही वाईट वाटलं, पण हट्ट सुटेना. संशोधनात पडलं की भल्याभल्यांचं असंच होतं.

छपाईआधीचा मजकूर आला, तो नेमका शालनबाईंच्या तपासणीच्या दिवशी. मुलाणींनी तो वाचून दाखवला. दुसऱ्या जागी सरांच्या जावयाचं नाव होतं. जावई दातांचे डॉक्टर होते. गाठीचा उल्लेख शेवटी, आभारात होता, झेरॉक्सवाल्याच्या खाली.

पुढच्या आठवड्यात स्कॅन काढला, तर गाठ नव्हती.

"फार लागलं हो तिला," मुलाणी हळूच म्हणाल्या. शालनबाईंना हसावं की रडावं कळेना, म्हणून त्यांनी दोन्ही केलं.

सरांनी मात्र या घटनेची शास्त्रीय दखल घेतली. नव्या चाचणीत प्रत्येक गाठीला आधी दुसरं नाव द्यायचं आणि मग काढून घ्यायचं, असं ठरलं. तुलना नीट व्हावी म्हणून निम्म्या गाठींना नाव काढल्याचं कळवायचंच नाही. नैतिकता समितीने चहाच्या आधीच मंजुरी दिली.

शालनबाई पुन्हा दाखवायला आल्या, तेव्हा बाकावर शेजारी एक तरुण बाई पोटावर हात ठेवून बसली होती.

"माझी मजेत आहे हो," ती म्हणाली. "लेखक झालीय ना. पण जागची हलत नाही. डॉक्टर म्हणतात, वाट बघा." तिचे डोळे भरून आले.

शालनबाईंनी इकडेतिकडे पाहिलं. दारात डॉ. मुलाणी उभ्या होत्या. दोघींची नजरानजर झाली आणि मुलाणी खिडकीबाहेर पाहू लागल्या.

मग शालनबाई त्या बाईच्या पोटाशी वाकल्या आणि क्लासात मागच्या रांगेला ऐकू जावं अशा आवाजात म्हणाल्या, "काढलंय गं तुझं नाव. तिथे आता जावई आहे."

आणि उठून त्या पुढच्या बाकाकडे गेल्या.