एकशे बेचाळीस नावांवरची काट

जयदीपचा पत्रिकेवर विश्वास नव्हता, मुहूर्तावर नव्हता आणि तात्यारावांच्या लाल पेनवर तर मुळीच नव्हता. दिल्लीतल्या एका मराठी मंडळाची वधू-वर यादी तात्याराव वीस वर्षे हाताने राखत आले होते. कुणाचे लग्न ठरले, की पट्टी लावून त्या नावावर लाल काट!

"तात्या, माणसाचा हात चुकतो," जयदीपने मंडळाच्या बैठकीत जाहीर केले. "गुडगावात आमच्या कंपनीत असली कामं आम्ही 'जावा' या संगणकभाषेत प्रोग्राम लिहून करून घेतो. 'ठरलं' अशी नोंद दिसली, की प्रोग्राम स्वतःच ते नाव लाल करील आणि त्यावर काट मारील. चूक होणं शक्यच नाही!"

या उत्साहाला कारण होते. यादीत सत्त्याऐंशीव्या क्रमांकावर सरोजिनी नगरची अपूर्वा होती आणि एकशे चौथ्यावर तो स्वतः. रविवारी संध्याकाळी तिच्या घरी चहाचे आमंत्रण होते. तिचे वडील भाऊसाहेब केंद्र सरकारात अधिकारी. नीटनेटका कागद पाहिला, की विरघळणारे!

शनिवारी जयदीपने यादी सर्व सभासदांना ई-मेलने धाडली. उघडून मात्र पाहिली नाही. जगातल्या प्रत्येक गोष्टीवर शंका घेणारा हा गृहस्थ स्वतःच्या प्रोग्रामपुढे निव्वळ भाविक होता.

रविवारी सकाळीच तात्यारावांचा फोन आला.

"अरे जयदीप, एका दिवसात एकशे बेचाळीस लग्नं? एवढे मांडव साऱ्या दिल्लीत मिळायचे नाहीत, बाबा!"

त्याने फाइल उघडली. वरपासून खालपर्यंत लालेलाल! कारण क्षुल्लक होते. यादीतल्या सर्व चौकटींना त्याने रंग-रेषांची एकच सामाईक शैली दिली होती. जणू सारे कपडे एकाच दोरीवर. पहिल्या 'ठरलं'पाशी त्याने शैलीत काट घातली आणि दोरीच चिखलात आली! ठरलेल्यांसाठी निराळी शैली करायला हवी होती.

तो दुरुस्तीला बसतो न बसतो, तोच भाऊसाहेबांचा फोन.

"अभिनंदन, जयदीपराव! यादीत पाहिलं."

"काका, ती प्रोग्रामची चूक आहे! माझं काहीही ठरलेलं नाही!"

"अच्छा? पण बैठकीत तुम्हीच म्हणालात ना, चूक होणं शक्यच नाही?"

"काका, सगळ्यांवरच काट पडली आहे! अपूर्वाच्या नावावरसुद्धा!"

"मी दोनच नावं पाहिली. तुमच्यावर काट दिसली, म्हणून पंधरा दिवस ताटकळत ठेवलेल्या नागपूरकरांना लगेच होकार कळवला. मग अपूर्वाचं नाव पाहिलं. म्हटलं, कमाल आहे! आम्ही आत्ता ठरवलं आणि याच्या यादीत कालच आलं!"

जयदीपने समोरच्या यादीत सत्त्याऐंशीवा क्रमांक शोधला.

"चहाला या मात्र," भाऊसाहेब म्हणाले. "आणि यादीत तेवढं 'ठरलं' राहू द्या."

दुपारी त्याने दुरुस्त यादी तयार केली. या वेळी पाठवण्यापूर्वी उघडली, तीनदा तपासली. एकशे बेचाळीसपैकी आठच नावे लाल होती. सत्त्याऐंशीवे त्यांत होते, एकशे चौथे नव्हते.

प्रोग्राममध्ये आता एकही चूक उरली नव्हती.