भट्टी बंद आहे तोवर

यंत्राने शिटी मारली की सासरे डोळे न उघडताच विचारत, "आज कोण गेलं?"

कारण सरळ होतं. सासऱ्यांच्या नाकाशी नळी होती, नळीच्या टोकाला प्राणवायूचं यंत्र होतं, आणि ज्या वीजवाहिनीवर ते यंत्र चाले तिच्याच शेवटाला विद्युतदाहिनी होती. भट्टीचे धुरांडे-पंखे आणि मोटारी सुरू झाल्या की व्होल्टेज मान टाकायचं आणि यंत्र कण्हायला लागायचं. कुणीही गेलं की पहिली खबर सासऱ्यांच्या फुप्फुसांना. बातमीची खातरजमा करायला शेजारीपाजारी त्यांच्याकडेच येत.

जावई वीज उपकेंद्रात ऑपरेटर. तो बायकोला समजावून सांगे, "मोटारींना कामाच्या विजेबरोबर आणखी एक वीज लागते. ती काम काही करत नाही, नुसत्या येरझाऱ्या घालते. पण दुरून आणायची म्हटलं की वाटेत व्होल्टेज खाते."

"तुमच्या धाकट्या भावासारखी."

"कपॅसिटर लावला की ती जवळच्या जवळ मिळते."

"मग लावा की! इथे बाबांचा जीव घुसमटतोय आणि तुम्ही शिकवणी घेताय."

लावण्यात अडचण एकच होती. मोटारी थांबल्यावरही कपॅसिटर तसाच राहिला तर व्होल्टेज डोक्यावर चढून बसतं. म्हणून जावयाने दाहिनीवाल्याशी ठरवून टाकलं, भट्टी सुरू करण्याआधी एक फोन आणि बंद करण्याआधी एक; त्याप्रमाणे तो उपकेंद्रातूनच कळ दाबून कपॅसिटर लावणार किंवा काढणार. दाहिनीवाला शब्दाचा पक्का. "साहेब, एक आजी आल्यात, लावा." मग काही वेळाने, "साहेब, आजींचं आटोपलं, काढा."

शिटी थांबली. सासरे उलट बेचैन झाले.

"जावईबापू, हल्ली कुणी जात नाही वाटतं?"

"जातात हो बाबा. तुम्हाला त्रास न देता जातात."

हे सासऱ्यांच्या मनाला फार लागलं. त्या दुपारी कपॅसिटर लावलेला असतानाच बायकोचा उपकेंद्रात फोन आला. "अहो, बाबा नळी काढा म्हणतात. सगळे गेले, मीच तेवढा राहिलो म्हणतात. तुम्ही बोला बाई त्यांच्याशी."

जावई बोलू लागला. नातीचं लग्न काढून झालं, गच्चीवरच्या कुंड्या झाल्या. सासरे प्रत्येक मुद्दा खोडून काढत होते. "सोडा हो मला आता. किती ओढायचं?" जावई जीव तोडून त्यांना जगण्याचं महत्त्व पटवत होता आणि तिकडे दाहिनीवाला नंबर फिरवून फिरवून थकला होता. लाइन सारखी व्यस्त. शेवटी त्याने भट्टी बंद केली.

मीटरचा काटा सरसर चढलेला जावयाने पाहिला तेव्हा उशीर झाला होता. फोनमधून फट्‌ असा आवाज आला. घरातला दिवा फुटला होता. लेकीने यंत्राची पिन हिसकून काढली आणि देवाचं नाव घेत कोपऱ्यातला सिलिंडर उघडायला धावणार, तर जागचं हलता येईना. मघाशी 'सोडा मला' म्हणणाऱ्या माणसाने तिचं मनगट असं धरलं होतं की बोटं उमटली.

संध्याकाळी जावई पडेल चेहऱ्याने घरी आला. सासऱ्यांची नळी सिलिंडरला जोडलेली होती. यंत्र वाचलं होतं. भट्टीचं सगळं पॅनेल मात्र जळून खाक झालं होतं.

"चूक माझीच," जावई म्हणाला. "आता चौकशी होणार."

"ते होऊ दे. भट्टी कधी सुरू होईल?" सासऱ्यांनी विचारलं.

"सामान बाहेरून यायचंय. चार-सहा महिने तरी."

सासऱ्यांनी मान जावयाकडे वळवली. "आणि तोवर कुणी गेलं तर?"

"नदीपलीकडच्या दाहिनीत न्यायचं. गाडीतून. रस्ता फार वाईट आहे, बाबा, नुसते खड्डे."

"माझ्या या कमरेने?" सासरे दचकून म्हणाले. "छे, छे! मग थांबतो मी."

लेकीने तोंडाला पदर लावला. ती हसत होती की रडत होती, ते जावयाला कळलं नाही. जरा वेळाने ती हळूच म्हणाली, "अहो, त्या सामानाची फार घाई करू नका हं."