थांबलेल्या हप्त्यांचा दवाखाना

दस्तगीर आत्तार रामराम घालत नाही, सलामही करत नाही. समोर माणूस आला की तो त्याचा उजवा हात धरतो, उताणा करतो, अंगठ्यावर फुंकर मारतो आणि उजेडात धरून बघतो. मग निकाल देतो. "जित्ता हाय." नाहीतर, "मेलाय. ह्यो अंगठा मशीन घेत न्हाय."

एकदा गावात मुलगी बघायला पावणं आलते. त्यातल्या म्हाताऱ्याचा यानं भर रस्त्यात हात धरला. त्या बिचाऱ्याला वाटलं ज्योतिषी आहे. त्यानं हळूच विचारलं, "लगीन जमंल न्हवं?"

"लगनाचं तुमी बघा," दस्तगीर म्हणाला, "पर हप्ता अडकणार तुमचा. पार घासलाय अंगठा."

लग्न जमलं. हप्ताही अडकला. तेव्हापासून त्या गावचे लोकसुद्धा याच्याकडं येतात.

माझ्या दारासमोर, रस्त्याच्या पलीकडं त्याचं बांगड्यांचं दुकान आहे. गडहिंग्लजच्या बाजारातनं माल आणायचा आणि पंचक्रोशीतल्या बायकांच्या हातात भरायचा, यात त्याचं आयुष्य गेलं. आता बायका बांगड्या तालुक्यालाच घेतात, नाहीतर घालतच नाहीत. दुकान उघडं असतं, पण कट्ट्यावर गर्दी असते ती शेतकऱ्यांची. सरकार शेतकऱ्याच्या खात्यावर काही महिन्यांनी हप्ता टाकतं, हे सगळ्यांना माहीत आहे. तो आला की गावभर फोन वाजतात. ज्याचा वाजत नाही तो उठून दस्तगीरच्या कट्ट्यावर येतो. गावात त्या कट्ट्याला दवाखानाच म्हणतात.

गंमत म्हणजे दस्तगीरला स्वतःची गुंठाभर जमीन नाही. त्याला हप्ता येत नाही आणि येणारही नाही. तरी हप्त्याच्या दिवशी सगळ्या गावात जास्त घोर त्यालाच. सकाळपासून चहा उतरत नाही त्याच्या घशाखाली. फोन वाजला की ओरडतो, "कुणाचा? कुणाचा आला?"

आलेल्या माणसाला तो आधी पाणी प्यायला लावतो. मग डॉक्टरसारखा विचारतो, "अंगठा लावून केवायसी झाली? खात्याला आधार जोडलाय? जमीन चढलीया का कंप्युटरवर?" मधे कोण बोललं तर परत पहिल्यापासून सुरू करतो. आणि शेवटी म्हणतो, "घाबरू नगं. पैसा मरत न्हाय, वाट चुकतोय."

हे म्हणताना त्या माणसाचं उरलेलं पाणी तो स्वतःच पिऊन टाकतो, ही गोष्ट वेगळी.

त्याचं सगळंच बरोबर येतं असं नाही. गावातल्या पांडूचा अंगठा मशीन घेईना, तर यानं त्याला लिंबू चोळायला सांगितलं. पांडूनं आणखी थोडी अक्कल लावून लिंबात मीठ घातलं. अंगठा भोपळ्यासारखा सुजला. मशीनवाला पोरगा म्हणाला, "काका, ह्यो अंगठा न्हाय, ह्यो गुडघा हाय." पांडू दस्तगीरला शिव्या देत आला, आणि दस्तगीर त्याला रोज हळद लावायला त्याच्या घरी जायला लागला. पांडूची बायको म्हणाली, आता तुमी येऊ नगा, तुमाला बघून त्याचं दुखणं वाढतंय.

शेवंताकाकूला त्यानं सांगितलं, बोटाच्या रेघा भांडी घासून गेल्यात, मशीनवर जायच्या आधी राखेला आणि तारेच्या चोथ्याला हात लावायचा नाही. शेवंताकाकूचा हप्ता आला. पण गल्लीतल्या सगळ्या सासवांनी भांडी टाकली. जमीन नावावर नाही त्यांनीपण. सुना दस्तगीरच्या नावानं बोटं मोडायला लागल्या. एक सून कट्ट्यावर येऊन म्हणाली, "चाचा, माजाबी अंगठा बघा की. माजाबी मेलाय असं सांगा आत्तीस्नी." दस्तगीरनं बघितला आणि सरळ सांगून टाकलं, "ठणठणीत हाय." लेकाला खोटं बोलता येत नाही, हा त्याचा मोठा दोष.

आणि या पांडूच्याच घोळात त्याला नंतर सापडलं, की अंगठ्याचा काही संबंधच नव्हता. पांडू तरणा असताना हुपरीला चांदीच्या पैंजणाच्या कामावर होता. तिथं त्यानं एक खातं काढलं होतं आणि विसरला होता. गॅसच्या अनुदानाच्या वेळी आधार त्या खात्याला जोडला गेला. हप्ते सगळे तिकडं जाऊन बसले होते, आणि हा इकडं सरकारच्या नावानं बोंबलत होता. बायकोनं विचारलं, हुपरीत आणि काय काय हाय? पांडूचं तोंड अंगठ्यापेक्षा सुजलं.

आता माझं सांगतो.

माझी बायको हौसा गेल्या साली गेली. त्याच्यावर मी जास्त लिहिणार नाही. ती दस्तगीरच्या मूळ गावची. म्हणून तो मला दाजी म्हणतो, आणि ती त्याला "दस्त्या" म्हणून हाक मारायची. साऱ्या गावात ती एकटीच. पांढरी दाढी झालेल्या माणसाला रस्त्याच्या या बाजूनं ओरडायची, "ए दस्त्या, च्या घ्यायला ये."

ती गेल्यावर हप्त्याचा दिवस आला. फोन वाजले. माझा वाजला नाही. मला त्याचं काही वाटलं नाही. मला त्या दिवसांत कशाचंच काही वाटत नव्हतं. पण समोरनं आरोळी आली, "दाजी, आला का?"

"आला," मी म्हणालो.

"वाजला न्हाय."

"माजा फोन हाय, माजी मर्जी."

पुढच्या हप्त्यालाही तेच. मग तो रस्ता ओलांडून आला. हात धरला. अंगठा बघितला, "जित्ता हाय" म्हणाला आणि माझं आधार कार्ड मागून घेऊन फोनमध्ये नंबर दाबत बसला. त्याच्या फोनची काच फुटली आहे, रबर लावून धरली आहे. बराच वेळ बघितलं. मग डोळे मोठे केले.

"या अल्ला. दाजी, तू मेलायस."

"बरं झालं," मी म्हणालो.

"चेष्टा न्हाय. हितं लिवलंय. लाभार्थी मयत."

झालं होतं असं. हौसा गेल्याची खबर द्यायला मी पंचायतीत गेलतो. तिथं दोन कार्डं लागतात, गेलेल्या माणसाचं आणि खबर देणाऱ्याचं. दोन्ही एकाच प्लास्टिकच्या पिशवीत होती, तिनंच तशी ठेवली होती. मी पिशवीच दिली. हप्त्याच्या यादीतनं मेलेली माणसं काढायची होती, त्यात कुणीतरी चुकीच्या कार्डाचा नंबर घातला. सरकारी यादीत मी मेलो, हौसा जिवंत राहिली.

खरं सांगतो, ते ऐकून मला पहिल्यांदा बरं वाटलं. निदान एका ठिकाणी तरी बरोबर झालं होतं.

पण दस्तगीरला कुठलं बरं वाटायला. त्यानं माझ्या डोक्याला भुंगा लावला. "आज हप्ता गेला. उद्या रेशन जाईल. परवा सोसायटी खत देणार न्हाय. आन खराखुरा मेलास तर? एकदा मेलेल्या माणसाला परत कसं मारायचं? पोरगीच्या नावावर जमीन कशी चढंल?" हे शेवटचं माझ्या मनात बसलं. माझी एकच लेक. जमीन थोडी, पण तिची आहे. आपल्या माघारी ती या कचेरीतनं त्या कचेरीत फिरतेय, आणि कुणीतरी म्हणतंय, तुझा बाप तर आधीच मेला होता, मग इतकी वर्षं राबत होता तो कोण? जेवण जाईना मला. खळ्यात बसलो की वाटायचं, आपण खरंच आहे का इथं.

दस्तगीर रोज सकाळी रस्ता ओलांडून यायचा आणि माझ्या खांद्याला हात लावून बघायचा. "काय?" मी विचारायचो. "काय न्हाय. सरकार म्हणतंय, तर खात्री केल्याली बरी."

त्यानं तालुक्याला जाऊन चौकशी केली. महिनाअखेरपर्यंत स्वतः जाऊन उभं राहायचं, नाहीतर नाव कायमचं कटणार. आणि सोबत हौसाचा मृत्यूचा दाखला न्यायचा, म्हणजे कोण मेलं आणि कोण राहिलं ते त्यांना कळेल.

"दाखला काढ," तो म्हणाला.

"काढला न्हाय."

"आजून? पंचायतीत तयार हुन पडला आसंल की."

"पडू दे."

"आरं दाजी, नुसतं जाऊन आणायचं..."

"तो कागद माज्या घरात यायचा न्हाय," मी म्हणालो. जरा जोरात म्हणालो. रस्त्यावरची दोन माणसं थांबली. "कार्डं काय, यादी काय, कुठं तरी ती हाय ना? ऱ्हाऊ दे. मी जातो मरून."

  दस्तगीर उठला आणि गेला. दिवस जात राहिले. तो दाखल्याचं नाव काढेना. मला वाटलं, रागावला. आणि महिना संपत आलेला. मला रात्रंदिवस लेकीची काळजी, पण पाय पंचायतीकडं वळायचे नाहीत. दोनदा कोपऱ्यापर्यंत गेलो आणि चारा आणायला आलोय असं दाखवून परत फिरलो.

शेवटच्या दिवशी सकाळी तो धुतलेली टोपी घालून दारात आला. "चल. एसटी यायची हाय."

"कागद न्हाय माज्याकडं."

"नसू दे. नुसतं हुबा ऱ्हा. मेलेला माणूस बोलाय लागल्यावर कोण काय म्हणतंय बघू."

एसटीत तो सारखा घड्याळ बघत होता. घाटावर गाडी उसाच्या ट्रॉलीमागं अडकली, तर हा खिडकीतनं डोकं काढून ट्रॉलीवाल्याला ओरडला, "पावणं, जरा बाजूला घ्या, मेलेला माणूस हाय गाडीत!" त्यानं झटक्यात बाजूला घेतली. गाडीतली माणसं मात्र माझ्याशेजारनं उठली.

कचेरीत रांग होती. साहेबीण तरणी होती, पण भली बाई. दमदाटी नव्हती तिच्या बोलण्यात. माझा फोटो काढला, अंगठा घेतला. अंगठा पहिल्या फटक्यात लागला. दस्तगीरनं रांगेतल्या सगळ्यांकडं असं बघितलं, जसं काही त्याचंच पोरगं शाळेत पहिलं आलंय.

"आणि यांच्या मिसेसचा दाखला?" ती म्हणाली. "त्याशिवाय दुरुस्ती होत नाही हो. मी काही करू शकत नाही."

मी खाली बघितलं. झालं, म्हटलं. परत फिरायचं.

दस्तगीर पुढं झाला. माझ्या आणि टेबलाच्या मधे उभा राहिला, माझ्याकडं पाठ करून. सदऱ्याच्या आतल्या खिशातनं काहीतरी काढलं. बांगड्या ज्या मऊ कागदात गुंडाळतात त्यात गुंडाळलेलं होतं. त्यानं ते उलगडलं आणि टेबलावर ठेवलं. मला दिसू नये म्हणून हातानं आडोसा केला.

"तुम्ही कोण यांचे?" तिनं विचारलं.

"मेव्हणा."

तिनं माझं नाव बघितलं, मग त्याची दाढी बघितली. "मेव्हणा?"

"व्हय. हिच्या माहेरचा."

 तिनं कागद मशीनमध्ये घातला, काढला, परत दिला. दस्तगीरनं तो पुन्हा तसाच गुंडाळून खिशात ठेवला.

बाहेर आल्यावर मी विचारलं, "कवा आणलास?"

"तू वरडलास त्याच्या दुसऱ्या दिवशी. पंचायतीत म्हटलं, दाजी आजारी हाय."

"तुला खोटं बोलाय येत न्हाय."

"खोटं कुठं हाय?" तो म्हणाला. "लागला तरच काढणार हुतो. तुज्या घरात न्हाय यायचा. माज्याकडं ऱ्हाईल."

एसटीत तो खिशावर हात ठेवून बसला.

पुढचा हप्ता आला तेव्हा माझा फोन वाजला. मी बराच वेळ तसाच बसलो. आता यादीत मी होतो आणि ती नव्हती. समोरनं आरोळी येईल म्हणून वाट बघितली. आली नाही. मग मी रस्ता ओलांडून गेलो. कट्टा रिकामा होता. त्या खेपेला सगळ्यांचे हप्ते आले होते, म्हणून कुणी आलं नव्हतं. दस्तगीर आत, बांगड्यांच्या फळीखाली एकटाच बसला होता.

"आला," मी म्हणालो.

"ऐकला." तो सरकला. "बस की जरा."

मी बसलो. थोड्या वेळानं म्हणालो, "कागद दाव."

त्यानं माझ्याकडं बघितलं. मग फळीवरनं हिरव्या बांगड्यांचा खोका काढला, त्यातनं ती गुंडाळी काढली. "वाचू?"

मी चौथी झालोय. मला वाचता येतं, त्याला ते माहीत आहे. तरी मी म्हणालो, "वाच."

त्यानं कागद डोळ्यांजवळ धरला. "नाव, हौसाबाई म्हादेव." थांबला. मधल्या ओळींवरनं त्याचं बोट पुढं सरकलं. "पतीचं नाव, म्हादेव. आईचं नाव, गंगूबाई." परत थांबला. "गंगूमावशी. पयल्यांदा हिच्याच हातात बांगड्या भरल्या मी. बानं पेटी दिली आन म्हणाला, जा, जमतंय का बघ. तीन फोडल्या. काय बोलली न्हाय."

"म्होरं?" मी विचारलं.

"एवढंच हाय," तो म्हणाला आणि कागद गुंडाळला.

आणखी ओळी होत्या. शाई काळी होती, अक्षर ठळक होतं, आणि मी त्याच्या शेजारीच बसलो होतो.

"बरं," मी म्हणालो. "चल, च्या घ्यायला ये."