हफेईचे पाणी, श्रूजबरीचा टब

ज्यांच्याविषयी लिहिणे आहे ते: श्री. मधुकर नेने, मूळचे सांगलीचे, हल्ली परदेशी मुलाकडे, मुक्काम श्रूजबरी. वार: गेला मंगळवार. साक्षीदार: सूनबाई सौ. मुग्धा, नात रिया आणि शेजारी राहणारा मी, ज्याने गावी तहसील कचेरीबाहेर अर्ज लिहून भल्याभल्यांना न्याय मिळवून दिला. मुद्देमाल: काठोकाठ भरलेला बाथटब, बादल्या, पातेली व कुकर.

श्रूजबरीत नळाला अष्टौप्रहर पाणी असते. तरीही सदर नेनेकाका पाणी भरून ठेवतात. कारण चीनमधील हफेई शहरात उद्या पाणी बंद असते.

"आमच्याकडे उद्या पाइपलाइनचं काम आहे," असे ते गंभीरपणे सांगतात. 'आमच्याकडे' म्हणजे हफेईत. त्या वाढत्या शहराच्या स्थानिक बातम्या ते रोज सकाळी मोबाइलवर भाषांतर करून वाचतात. भाजीबाजार कुठे हलला, मेट्रोचे नवे स्टेशन कोणत्या चौकात उघडले, सर्व मुखोद्गत. इथे बर्फामुळे रियाची शाळा बंद राहिली तरी त्यांना पत्ता नसतो. मंडळाच्या गणपतीत एकाने विचारलेच, "काका, शिफ्ट होताय की काय तिकडे?"

"नको. आमच्याकडे पार्किंग मिळत नाही," काका म्हणाले.

मंगळवारी मुग्धा बाथरूमच्या दारातच रडकुंडीला आली. "बाबा, प्लीज! माझी मीटिंग आहे. आंघोळ कुठे करू?"

"तांब्याने कर. टबातलं संध्याकाळपर्यंत पुरवायचंय."

"आजोबा, दॅट्स चायना!" रिया ओरडली.

"ठाऊक आहे," म्हणून काका टबाच्या कडेवर बसून राहिले.

हफेईत त्यांची कन्या केतकी मोटारींच्या कारखान्यात नोकरी करते. काकू सांगलीस वारल्या तेव्हा ती तिथे नुकतीच रुजू झाली होती. 'पोर परमुलखात एकटी, उगाच जिवाची धावपळ करील,' म्हणून काकांनी तेरावा उरकल्यावर कळवले. आपल्याकडे पुष्कळ घरांत असे करतात, आणि मायेनेच करतात. केतकी एवढेच म्हणाली, "बाबा, माझी आई गेली होती ना?" त्यानंतर तिने फोन उचललेला नाही. बातमीत तिच्या वस्तीचे नाव येते, तेवढीच तिची खबर.

मी विचारले, "पण काका, पाणी इथे भरून तिला काय उपयोग?"

"पाणी जायच्या आदल्या रात्री तिची आई भरून ठेवायची. ही झोपलेली असायची." काका टबात पाहत राहिले. "तिला सवयच नाही हो."

तरी केतकीताईंस विनंती की, काकांची चूक काकांना मान्य आहे. त्या चुकीचे समर्थन मी करीत नाही. आपणांस धाडलेले माझे आधीचे अर्ज अनुत्तरित राहिले, हाही राहील असेच दिसते. क्षमा, भेट, फोन, यांपैकी काहीही मागणे नाही. परंतु टबातले पाणी काका अद्याप कोणास सोडू देत नाहीत. सबब, आपल्याकडे पाणी आले किंवा कसे, एवढेच कळविण्याची कृपा व्हावी.