भिंतीपलीकडचे दोन आवाज

सॅम्सन अंकल भेटले का नमस्कार नाही, चमत्कार नाही. सरळ म्हणतात, "आ कर." मी लग्नाच्या पंगतीत आ केला, मयतीत बी आ केला. बूढ़ापाऱ्यात म्हणजे आमच्याच मोहल्ल्यात त्यांचं दात बसवायचं दुकान आहे. माह्ये समोरचे दोन दात त्यांनीच बसवले. बायको म्हणते, "दात चांगले बसले, त्याच्यातून निघते तेच फालतू आहे."

अंकलचे वडील चिनी, कलकत्त्याहून दात बसवत बसवत इथवर आले. माय यहुदी, अलिबागकडची, रेल्वेच्या दवाखान्यात नर्स. म्हणून चेहरा चिनी, अन् मराठी इतकी शुद्ध का मले अर्धी समजतच नाही. शाळेनं मले अन् मी शाळेले लवकरच सोडलं होतं. एकदा इचारलं, "अंकल, तुमी नेमके कोन?"

"आई यहुदी, बाबा चिनी, मी बूढ़ापाऱ्याचा. आ कर."

आता सांगा, माणूस गोंधळणार नाही तं काय! त्यांची नवीन सालं दोन, अन् एक जानेवारीले एकबी नाही. मी दोन्हीची मिठाई खातो, काहून ते इचारत नाही. त्यांच्या दाराच्या चौकटीवर तिरपी लावलेली छोटीशी डबी आहे. मी बेल समजून दाबत राहिलो अन् वरून ओरडलो, "अंकल, बेल खराब आहे!"

आतून आवाज आला, "अरे, त्यात देवाचं वचन आहे!"

वडलांच्या फोटोसमोर उदबत्ती अन् संत्री असतात. मले वाटलं, पाहुण्यासाठी ठेवले. एक सोलून तोंडात घातलं अन् अंकल आले. मी सफाई द्यायले लागलो.

"आधी गीळ, मग बोल," ते म्हणाले. मी गिळलं. "बाबांना आंबट चालायचं नाही. कसं होतं?"

"गोड होतं."

"बरं केलंस चाखून."

पण एक गोष्ट मले समजूनच नव्हती राहिली. आमच्या घराची अन् त्यांच्या घराची भिंत एकच. दर शुक्रवारी संध्याकाळी ते दिवा लावून प्रार्थना म्हणत, अन् मले आवाज दोन ऐकू येत. एक जाडा, मधेमधे एक बारीक. अंकल तं एकटे. बायको वारली, पोरगी परदेशात. मी बायकोले म्हटलं, "कोनी पाहुणा येत असन."

"मंग त्याची चप्पल कुठं असते?" ती म्हणाली.

यंदा अंकल घरी आले, "आ कर" म्हणालेच नाहीत. तवाच समजलो का गोष्ट मोठी आहे. दरसाल आईच्या मयतीच्या तिथीले ते आपल्या लोकांत मुंबईले जात. यंदा गुडघ्यानं जाऊ देल्लं नाही.

"आईसाठी प्रार्थना म्हणायची, तर मधेमधे आमेन म्हणणारी माणसं हवीत," ते म्हणाले. "नियमानं आमच्यातले दहा पुरुष लागतात. इथं मी एकटा. तू कोणी आणशील? आई समजून घेईल."

मी ऑटो स्टँडावर गेलो. तिथं 'प्रार्थना' म्हटलं तं कोन येते? म्हणून म्हटलं, "चीनी अंकल के यहाँ दावत है!" धावत आले सगळे. रस्त्यानं 'आमेन' पाठ करून घेतलं.

समोर ताट आलं, गोड पोह्यांचं. खोबरं, खजूर, फळं. त्याले ते मलिदा म्हणतात. दुकालू ऑटोवाला माह्या कानात म्हणाला, "भैया, चाऊमीन कब आही?"

अंकलनं प्रार्थना सुरू केली अन् थांबले. सगळे माह्याकडं पाहून राहिले. अन् मीच शब्द विसरलो! डोक्यात नुसतं चाऊमीन. अंकल वाट पाहत राहिले. मंग मान खाली घालून, बारीक आवाजात, स्वतःच म्हणाले, "आमेन."

हाच तो आवाज! पाहुणा कोनी नव्हताच. म्हणणारे बी अंकल, अन् साथ देणारे बी अंकलच.

ते पुढं म्हणत गेले, पुन्हा थांबले. तेवढ्यात दुकालू हळूच म्हणाला, "हव."

आमच्याकडं हो म्हणायचं असलं का हव म्हणतात. मंग सगळेच म्हणाले, "हव!"

अंकलनं डोळे उघडले, सगळ्यांकडं पाहिलं, पुन्हा मिटले. त्याच्यानंतर बारीक आवाज निघाला नाही. दुकालूनं मलिदा मागून मागून खाल्ला.

पुढच्या शुक्रवारी मी जेवून राहिलो होतो. भिंतीपलीकडं जाडा आवाज सुरू झाला अन् थांबला. माह्या तोंडात वरणभात. तसाच ओरडलो, "हव!"

बायकोनं कपाळाले हात लावला.

मंग भिंतीतून आलं, "आधी गीळ, मग बोल!"

मी गिळलं. मंग पुन्हा म्हटलं.