चौघींत एक पुतळा

चौकात धावपटूचा पुतळा उभारायचं नगरसमितीनं एकमतानं ठरवलं. समितीत एकमत झालं तेव्हाच मूर्तिकारानं सावध व्हायला हवं होतं, पण तो हरखून गेला होता. ती धावपटू म्हणजे त्याची सख्खी थोरली बहीण. ताईनं देशासाठी पदक आणलं त्याला जमाना लोटला होता आणि आता शेजारपाजारचेही तिला ‘कोपऱ्यावरच्या बाई’ एवढंच म्हणत. निदान पुतळा पाहून तरी लोकांनी तिला ओळखावं, एवढीच त्याची इच्छा होती.

समितीचा एक नियम होता. चौथऱ्यावर फक्त पहिलं नाव कोरायचं, कारण आडनाव दिसलं की शहरात दोन गट पडतात. त्याप्रमाणे नाव कोरलं गेलं आणि त्याच नावाच्या एका लोकप्रिय गायिकेचे चाहते ढोल वाजवत आभार मानायला आले. अध्यक्षांनी आभार स्वीकारले. एकदा स्वीकारलेले आभार परत करण्याची नियमांत तरतूद नव्हती, म्हणून त्यांनी मूर्तिकाराला बोलावून घेतलं.

“हातात माईक द्या.”

“साहेब, ती पळतेय.”

“पळता पळता गाऊ दे की. कोणी अडवलंय?”

माईक बसला. मग एका आखाड्याची मंडळी आली. त्यांच्या कुस्तीगीर मुलीचंही तेच नाव होतं आणि पुतळ्याचे दंड पाहून त्यांना वाईट वाटलं होतं. समितीला कोणालाच दुखवायचं नव्हतं, विशेषतः आखाड्याला. मूर्तिकारानं दंड फुगवले, मान जाड केली. शेवटी त्याच नावाची एक नटी निघाली. ती ज्या गिरकीसाठी प्रसिद्ध होती, त्या गिरकीचा घेरदार, पायघोळ झगा आला. झग्याच्या वजनानं पुतळा मागे कलला म्हणून टेकू द्यावा लागला आणि तो टेकू उगाच वाया जाऊ नये म्हणून समितीनं त्या नावाची कोणी सर्कसवाली मिळते का, याची तातडीनं चौकशी सुरू केली. ‘नामसाम्य एकत्रीकरण धोरणा’मुळे तीन चौक मोकळे राहिले, याबद्दल अध्यक्षांचा सत्कारही झाला.

अनावरणाला गायिका, कुस्तीगीर आणि नटी अशा तिघी आल्या. तिघींनाही आपला पुतळा फार आवडला. ताईला स्वयंसेवकानं दोरीपलीकडे उभं केलं होतं, कारण ती कोणासारखीच दिसत नव्हती. मूर्तिकार गर्दीतून वाट काढत तिच्याजवळ गेला. त्याला रडू येत होतं.

ताईनं पुतळ्याला डोळे भरून पाहिलं. “यातलं माझं काय आहे रे?”

“पाय.”

“कुठायत?”

“झग्याच्या आत.”

ताई इतकी हसली की तिला दोरीचा आधार घ्यावा लागला. मग मूर्तिकारही हसला आणि दोघं बहीणभाऊ पोट धरून हसत असताना माईकवरून शांतता राखण्याची विनंती करण्यात आली.

चौक आता प्रेक्षणीय स्थळ झाला आहे. ताई रोज सकाळी तिथूनच पळत जाते. परवा तुम्ही पुतळ्यासमोर उभे राहून नाव मोठ्यानं वाचलंत, अभिमानानं छाती फुगवलीत आणि समोरून पळत येणाऱ्या एका बाईला म्हणालात, “ओ बाई, जरा बाजूनं जा ना, फोटोत येताय.”