बाभूळकरकाकांची लेव्हल

बाभूळकरकाका नमस्काराआधी समोरच्याच्या खांद्यावर लेव्हल ठेवत. लेव्हल म्हणजे काचेच्या नळीत बुडबुडा असलेली पट्टी. यंत्र सपाट बसलंय की नाही ते सांगणारी. काका कारखान्यात अजस्र यंत्रं सरळ बसवत, आणि संध्याकाळी घरी आले की पिपलानीतली, म्हणजे आमच्या कारखान्याच्या वसाहतीतली, माणसं त्यांना तिरकी दिसत. एका लग्नात नवरदेवाच्या खांद्यावर पट्टी ठेवून ते वधूपित्याला म्हणाले होते, "डावीकडे झुकते. सांभाळून घ्या."

मी तेव्हा बत्तीस वर्षांची होते आणि अक्कल सोडून माझ्याकडे सगळं होतं. ह्यांना बढती मिळाली, मोठं क्वार्टर मिळालं. आता लोखंडी कपाट रस्त्यावरून दिसायला नको? हे येईपर्यंत धीर कुठला! पदर खोचला आणि कपाटाला खांदा लावला. कपाट हललं नाही. माझा मणका हलला.

डॉक्टर म्हणाले, "मणका किंचित सरकलाय. घाई नाही. तीन महिने उपचार करून बघू, नाहीच जमलं तर ऑपरेशन." मला फक्त शेवटचा शब्द ऐकू आला. घरी येऊन मी रडले आणि माझ्यामागे दुसरं लग्न कोणाशी करायचं नाही, त्याची यादी ह्यांच्या हातात दिली.

यादी वाचून हे मला काकांकडे घेऊन गेले.

काका रजा साठवून मुंबईच्या एका डॉक्टरांकडून हाताने मणका जागेवर आणायची विद्या शिकून आले होते. तिला कायरोप्रॅक्टिक म्हणतात हे मला आत्ता नातवाने सांगितलं. पिपलानीत तिचं नाव 'बाभूळकरांचा हात' एवढंच होतं. डॉक्टरांची चिठ्ठी असल्याशिवाय मात्र तो हात कोणाला लागत नसे. त्यांनी माझा एक्स-रे खिडकीशी धरून यंत्राच्या नकाशासारखा पाहिला. मला बाकावर पालथं झोपवलं. मी किंचाळले.

"अवो बाई, मी हात नाही लावला अजून!"

"मग लावा की! द्या एकच झटका, मोकळी करा!"

काकांचा चेहरा एकदम उतरला. "झटका नाही," ते हळूच म्हणाले. "मशीन असो की माणूस, ठोकून सरळ होत नसते. आराम से."

मग पापड वाळलाय का हे बघावं तसा त्यांचा तळवा पाठीवर टेकला. श्वास घ्या, सोडा, थोडं दाबलं, थांबले. पुढे अंगणातल्या पेरूपर्यंत चालायचं आणि परत यायचं. बस्स! एवढ्यासाठी मी यादी केली होती?

खरी गंमत पुढे होती. उपचार झाला की आतल्या खोलीच्या पडद्याजवळच्या खुर्चीत बसायचं, काकांच्या हातचा चहा प्यायचा आणि गावभरच्या बातम्या सांगायच्या. त्याही मोठ्याने.

"मोठ्यानं, बाई! आवाज मोकळा झाला की पाठ सैल होते."

मला काय, आयतंच! बिट्टन मार्केटातल्या भाजीपासून मिश्राबाईंच्या मुलीपर्यंत मी सगळं खणखणीत सांगे. मिश्रांकडे मुलगी पाहायला पाहुणे आले आणि, आमची क्वार्टर्स सगळी एकसारखी, शेजारच्या घरात शिरले! पोहे-जिलबी खाऊन तिथली मुलगी पसंतही करून मोकळे झाले.

दुसऱ्या महिन्यात माझी जीभ जास्तच सैल झाली. "काका, चहा नेहमी तुम्हीच करता. काकू शिष्ट दिसतात हं. कधी बाहेर म्हणून येत नाहीत!"

पडद्याआडून कोणीतरी खुदकन हसलं.

काकांनी पडदा सारला. काकू पलंगावर आडव्या होत्या. खिडकीत आरसा असा तिरका बांधला होता की झोपल्याजागी त्यांना पेरू दिसावा.

"शिष्ट नाही गं," काकू म्हणाल्या. "उठता येत नाही."

काका चहाची बशी पुसत राहिले. "कंबर दुखायची हिची. एका हाड बसवणाऱ्याकडे नेलं. तो म्हणाला, एकच झटका. हिचे पाय मीच धरून उभा होतो."

"पुरे हो," काकू म्हणाल्या. "दर माणसापुढे काय तेच? तू सांग गं, मग मिश्रांनी काय केलं?"

त्या दिवशी घरी जाऊन मी आधी ती यादी फाडली.

तिसऱ्या महिन्याच्या शेवटी डॉक्टर म्हणाले, ऑपरेशनची गरज नाही. उड्या मारायच्याच काय त्या बाकी होत्या. पेढे घेऊन काकांकडे गेले. त्यांनी माझ्या खांद्यावर लेव्हल ठेवली. बुडबुडा अगदी मधोमध.

"झालं, बाई. आता यायचं काम नाही."

पडद्याआडून काकूंचा बारीक आवाज आला, "आणि त्या मिश्राच्या पोरीचं जमलं का मग?"

मी काकांकडे पाहिलं. मग कमरेवर हात ठेवून चांगली कण्हले. "काका, उजवीकडे अजून थोडं दुखतंय हो."

काकांनी पुन्हा लेव्हल ठेवली. बुडबुडा होता तिथेच होता. त्यांनी बराच वेळ त्याच्याकडे पाहिलं आणि पट्टी खिशात घातली.

"हो," म्हणाले, "तिरकं दिसून राहिलं. उद्या या. मोठ्यानं बोलावं लागेल."